शिशाचा मासा

साचा ओला असला की ओतलेलं शिसं उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतं. हे बळीराममामा मुंबईच्या समुद्रावर शिकला होता आणि त्याचा भाचा उकंडा दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. म्हणून वैशाखातल्या त्या सकाळी दोघं चुलीपुढे बसून विटांचा साचा शेकत होते आणि एकमेकांना धीर धरायला सांगत होते. धीर दोघांकडेही नव्हता. भिंतीपलीकडे उकंडाची माय रुखमाबाई बाजेवर पडली होती. तिचं कण्हणं थांबलं की दोघांचेही हात थांबत.

"झाला काय?" मामानं विचारलं.

"अखीन थोडा. वाफ निघून राह्यली."

"वाफ नोको पाहू, हात लावून पाह्य. दर्यावर एका खलाशाचा डोळा गेलता असाच."

"काल तं कान गेला म्हनत होते."

"थो दुसरा खलाशी," मामा म्हणाला.

दोन विटा दगडावर घासून सपाट केलेल्या, दोन्हींत अर्धा-अर्धा खळगा कोरलेला. वरून तांब्याच्या तारेची कडी आत सोडलेली. जिनिंगच्या जुन्या नळांच्या सांध्यांतून काढलेलं शिसं लोखंडी पळीत वितळत होतं. त्याच्यावर राखेच्या रंगाची साय धरली होती. उकंडानं ती काडीनं बाजूला सारली तेव्हा खाली आरसा चमकला. त्यानं ज्वारीचं चिपाड त्यात बुडवलं, ते लगेच करपलं. मग त्यानं श्वास रोखून शिसं ओतलं.

साचा उघडला तेव्हा वीतभर लांब, बोटाएवढा जाड, दोन्हीकडे निमुळता मासा हातात आला. खालच्या टोकाला मोडक्या छत्रीच्या काड्या तापवून, वाकवून केलेले तीन गळ. मामानं तो सुतळीला बांधून डोळ्यांपुढे लटकवला, आणि त्याचा चेहरा खुलला. पाय जायबंदी होऊन तो गावी परतला, त्याच्या आधी बरीच वर्षं तो मच्छीमार लाँचवर होता. "असाच. असाच सोडायचा तळाला. तळ लागला की हातभर उचलायचा अन् पाडायचा. दर्यात पानी वाहते, म्हनून लांबट पायजे. चपटा असला तं पानी त्याले घिऊन जाते. खालच्या माशाले वाटते, लहान मासा जखमी होऊन पडून राह्यला."

पण उकंडाला मासा धरायचा नव्हता. त्याला त्याचा भाऊ धरायचा होता.

*

भावाचं नाव श्रावण. उकंडानं त्याला पाहिलं नव्हतं. पटकीच्या साथीत तो गेला तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. नंतरचं पोर तरी जगावं म्हणून रुखमाबाईनं ह्याला जन्मल्याबरोबर शेणाच्या उकंड्यावर ठेवलं, दुसरीच्या हातानं उचलून घेतलं आणि नाव उकंडा ठेवलं. असं केलं की मरणाची नजर पडत नाही, असं तेव्हा म्हणत. पोर जगलं. पण घरात हाक मारताना मायच्या तोंडी अजूनही कधी कधी आधी 'शाऱ्या' येई आणि मग ती जीभ चावी.

श्रावणच्या पायात चांदीचे वाळे होते. ते घेऊन रुखमाबाई दारव्ह्याच्या सोनाराकडे गेली होती. "ह्याच्यातच माह्या पोराचा टाक ठोकून दे," ती म्हणाली. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा मूर्तीचा पातळ पत्रा. सोनार सगळ्यांसाठी ठोकायचा तसला घोड्यावरचा वीर ठोकायला निघाला, तर ही त्याच्या दुकानापुढेच बसली. "घोडा नोको. माहा पोरगा घोड्यावर कधी बसला? त्याच्या हाती भोवरा होता. भोवरा काढ." तेव्हा सोनारानं अंगठ्याएवढ्या पत्र्यावर एक उभा मुलगा काढला आणि त्याच्या हातात भोवरा दिला.

तो टाक तिनं देव्हाऱ्यात सगळ्यांबरोबर मांडला नाही. पटकीची देवी मरीमाय, तिचा तळव्याएवढा तांब्याचा टाक होता. त्याच्या पाठीला तिनं हा जवसाच्या तेलातल्या शेंदरानं चिकटवून टाकला, तोंड आत करून. "तिनं नेला, तिनंच पाठीवर वागवावा," ती म्हणे.

मग गेल्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. गावातून, बोरी अरबहून, माणसं बैलगाड्यांनी, पायी, मिळेल तशी गेली आणि परत आल्यावर एका दुपारी सगळ्या वस्तीनं आपापले देव फडक्यांत बांधून अडाण नदीच्या डोहात टाकले. रुखमाबाईनंही बांधले. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती; उलट बायांमध्ये सर्वांत पुढे तीच होती. पहिली उचलली ती मरीमाय. "माहं पोरगं खाल्लं तुनं," असं म्हणून तिनं ती गाठोड्याच्या तळाशी घातली, वर बाकीचे देव, वर दगड, आणि आपल्या हिरव्या लुगड्याच्या फडक्याची गाठ मारली. रागात आणि आनंदात तिला मरीमायच्या पाठीवरच्या पोराची आठवण झाली नाही. आठवण झाली ती रात्री, दिवा मालवल्यावर.

पण बोलणार कोणाजवळ? सगळी वस्ती नव्या उत्साहात होती. मग डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि घराघरांत चूल पेटली नाही. अशात एका बाईनं डोहातल्या टाकाचं काय बोलावं? लोक म्हणाले असते, बुढी देवासाठी रडते. ती गप्प राहिली. आता पोटात गोळा झाला होता. दारव्ह्याच्या डॉक्टरनं हात धुताना उकंडाला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. मागतील ते खाऊ घाला."

तिनं खायला काहीच मागितलं नाही. उकंडाचं मनगट धरून ती म्हणाली, "मले शाऱ्या दाखव."

तिनं सगळं सांगितलं तेव्हा उकंडा म्हणाला, "माय, लोक म्हनतीन देव काढून राह्यला."

"देव नोको मले. देव राहू दे तिथंच. पोरगा पायजे."

*

डोहात बुड्या मारणारे भोई होते. पण त्यांनी कानाला हात लावले. देव जिथे टाकलेत तिथे बुडी मारली तर देव पाय धरतो, असं त्यांचं म्हणणं. उकंडानं स्वतः बुडून पाहिलं. अर्ध्यावरच कानात सुया टोचल्या, आणि तळाजवळ गाळ असा उठला की स्वतःचा हात दिसेना. वर आला तेव्हा काठावर वामनराव उभे होते. ते वस्तीतले नव्हते; त्यांचं शेत डोहाला लागून होतं.

"काय उकंडा, कोणाले भेटायले गेलता खाली?" वामनराव हसले. "आम्ही म्हनलंच होतं, वर्ष नाही लोटनार अन् देव परत काढतीन."

तो ओल्या अंगानंच घरी आला. आपण एक गाठोडं वर काढलं की साऱ्या वस्तीची मान खाली जाईल, हे त्याला तिथेच पाण्यात कळलं होतं. आणि नाही काढलं तर माय तशीच जाईल. तेव्हा मामा म्हणाला, "मासे धर ना मंग! मासे धरनाऱ्याले कोन विचारते?" आणि त्यानं शिशाच्या माशाची गोष्ट काढली.

म्हणून हा मासा.

पहिल्या दिवशी तो डोहाच्या खडकावर बसला. रुखमाबाईनं सांगितलं होतं, "खडकाजवळूनच टाकलं." मामाचा लांबट मासा सरळ रेषेत खाली गेला, इतका झपकन की सुतळीनं बोट कापलं. पण तो तळाला थांबलाच नाही. गाळात शिरला. ओढला की गळांना काळा चिखल, दुसरं काही नाही. दिवसभर त्यानं चिखल वर काढला.

"दर्यात असं होत नाही," मामा म्हणाला.

"हा दर्या नाही ना, मामा! इथं पानी उभं हाये."

"मंग चपटा कर," मामा जरा रुसून म्हणाला.

चपटा केला. मधे जाड, कडेला पातळ. तो पाण्यात सरळ पडेचना. एकदा इकडे सरकायचा, एकदा तिकडे, झाडावरून पडणाऱ्या पानासारखा, आणि कुठल्या कुठे जाऊन गाळावर अलगद आडवा व्हायचा. त्याला गाठोडं लागलं नाही, पण एक भलामोठा शिंगाळा मासा लागला. काठावर गुरं पाजायला आलेल्या लोकांनी तो पाहिला आणि दुपारपर्यंत वस्तीभर झालं की उकंडाजवळ शिशाचा मासा आहे आणि तो मासे ओढतो. शेजारची कौसल्या ताट घेऊन दारात आली. "भाऊ, एक तुकडा द्या ना. बुढीले कायले लागते एवढा?"

उकंडानं सगळाच मासा तिच्या ताटात टाकला. त्याला तो पाहवत नव्हता.

संध्याकाळी त्यानं डोहाचा गाळ घमेल्यानं आणून रांजणात ओतला, वर पाणी भरलं. गाळ बसल्यावर तसंच एक गाठोडं बांधलं, पत्र्याचे तुकडे आणि दगड घालून, आणि सोडलं. ते गाळात हातभर नाही, वीतभरच रुतलं. म्हणजे लांबट मासा त्याच्या फार खाली जात होता आणि चपटा वर राहत होता. हवा होता तो मधला: डोकं जड आणि गोल, म्हणजे फार खोल शिरणार नाही; गळ वरच्या अंगाला, म्हणजे ओढताना गाळातून वर येताना फडक्यात अडकतील. त्यानं नवा साचा कोरला. मामा बाजूला बसून म्हणत राहिला, "असा मासा देवानं पैदा नाही केला, भाच्या. हा तं मुळा हाये."

आत रुखमाबाई हसली. कितीतरी दिवसांनी. मग खोकली, आणि खोकला थांबेचना.

*

मुळ्यानं काम केलं. सकाळच्या उन्हात, खडकाच्या उजव्या हाताला, सुतळी एकदम जड झाली. माशासारखी थरथरली नाही, नुसती जड. उकंडानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूहळू ओढली. पाण्यावर फडकं आलं. लाल. मायच्या लुगड्याचं हिरवं नाही.

तो ते परत सोडणार एवढ्यात मागून आवाज आला. "काहून रे उकंडा, असा कसा मासा हाये थो? टोपडं घातलेला?"

तुळसाबाई. घागर कमरेवर. त्या दिवशी डोहावर रुखमाबाईच्या मागोमाग उभी असलेली, वस्तीतली सर्वांत तिखट तोंडाची बाई. उकंडाच्या हातून सुतळी सुटता सुटता राहिली. आता ही इथूनच ओरडत जाईल, त्याला वाटलं.

तुळसाबाईनं घागर खाली ठेवली, पुढे येऊन फडकं पाहिलं. गाठ पाहिली. तिचा चेहरा बदलला.

"हे तं माहं हाये," ती म्हणाली.

उकंडानं गळ फडक्यातून सोडवले.

तिनं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. सोडलं नाही. त्याचं वजन जणू ती तोलत होती. मग चार पावलं मागे गेली आणि होता नव्हता जोर लावून ते डोहाच्या मधोमध भिरकावलं. "एकदा टाकलं म्हन्जे टाकलं," ती म्हणाली. हात लुगड्याला पुसले. "आता सांग, तू काय शोधून राह्यला?"

उकंडानं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण थांबता येईना. तुळसाबाई ऐकत राहिली. शेवटी तिनं कपाळावर हात मारला.

"व माय व! अन् बोलली नाही रांड एवढे दिवस! माह्या बाजूले निजते उन्हाळ्यात, बोलली नाही!" मग ती खडकाकडे पाहून म्हणाली, "पन तू इथं काहून बसला?"

"माय म्हने, खडकाजवळ."

"तिले काय याद हाये! खडकाजवळ आम्ही समद्या होतो. तिले पुढं व्हायचं होतं ना. ती उंबराकडं गेली, पानी कमरेएवढं लागलं तरी गेली, अन् उंबराखालच्या भोवऱ्यात टाकलं. मी म्हनलं, बुडशीन. थे म्हने, आज नाही बुडत मी."

*

उंबराच्या मुळ्या पाण्याखाली पसरलेल्या होत्या. गोल डोक्याचा मुळा दुसऱ्याच फेकीला त्यांच्यात अडकला. उकंडानं डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला; सुतळी तुटून हातात आली. चपट्याचंही तेच झालं, कारण तो मुळ्यांवरून सरकत जाऊन कुठल्यातरी फटीत आडवा बसला. नवा ओतायचा म्हणजे साचा शेकायचा, आणि घरून कौसल्या सांगत आली होती की बुढीनं पाणीही तोंडातून बाहेर टाकलं.

उरला मामाचा पहिला, लांबट. तोच फटींतून सरळ खाली जाऊ शकत होता. मुळ्यांखाली गाळ कमी, रेती जास्त. तिथे तो तळालाच थांबला. टक्. बोटाला कळलं. उकंडा उचलत राहिला आणि पाडत राहिला. टक्, टक्. एकदा टक् झालं नाही. मऊ लागलं.

त्याच्या मनात एकच गोष्ट होती. जवसाचं तेल आणि शेंदूर जिनिंगमध्ये तो स्वतः नळाच्या सांध्यांना लावत असे. ते एकदा वाळलं की पाण्यानं सुटत नाही. वर्षानुवर्षं सुटत नाही. श्रावण मरीमायच्या पाठीवर अजून असणार. असलाच पाहिजे.

त्यानं झटका दिला. गळ लागले. पण गाठोडं मुळीखाली दबलेलं होतं. हळू ओढून निघेना. तुळसाबाई काठावरून म्हणाली, "उकंडा, घरून आवाज येऊन राह्यला रे," आणि तेव्हा त्यानं सुतळी मनगटाला गुंडाळली, पाय उंबराच्या बुंध्याला लावले आणि सगळ्या अंगानं ओढलं.

खाली काहीतरी सुटलं. हिरवं फडकं वर आलं, कुजलेलं, दगडाच्या भारानं फाटत. दगड गेला. एक एक करून देव गेले, पितळेचे, तांब्याचे, पाण्यात परत. उकंडानं कमरेइतक्या पाण्यात उडी घेऊन फडक्याखाली दोन्ही हात धरले, आणि त्याच्या हातात मरीमाय आली. त्याच क्षणी तिच्यामागून काहीतरी लहान, पांढरं निसटलं. त्यानं ते पाहिलं. ते सरळ पडलं नाही. एकदा इकडे सरकलं, एकदा तिकडे, उन्हात दोनदा चमकलं आणि मुळ्यांच्या काळोखात गेलं.

चपटं कसं पडतं हे त्याला पाठ होतं. ते कुठे पडेल हे सांगता येत नाही, हेही. फडक्यात गळ अडकतो. उघड्या पत्र्यात अडकायला काही नसतं. तरी तो लांबट मासा सोडत राहिला, ओढत राहिला, हाताची साल निघेपर्यंत. शेंदूर पाण्याला भीत नाही. झटक्याला भितो. सांध्यावर घण बसला की तो असाच एकदम सुटतो. हे त्याला माहीत होतं आणि तरी त्यानं झटका दिला होता.

शेवटी तुळसाबाईनं पाण्यात उतरून त्याच्या हातून सुतळी काढून घेतली. "चाल," ती म्हणाली. "थे पाह्य आधी. हातात काय हाये थे पाह्य."

त्यानं मरीमाय उलटी केली. पाठीवर दगडासारखा घट्ट झालेला शेंदराचा थर होता, आणि त्या थरात अंगठ्याएवढा एक खळगा. खळग्यात एक मुलगा उभा होता, उलटा, आत गेलेला. हातात भोवरा. भोवऱ्याची दोरीसुद्धा.

उकंडानं आपला अंगठा त्यात ठेवला. भावाचा चेहरा त्याला पहिल्यांदाच लागला, खोलगट, गार.

*

मामानं तो खळगा पाहिला आणि लंगडत चुलीकडे धावला. "माती मळ! चिकन माती. ह्याच्यात दाबली की पोरगा उठून निंगते. त्याच्यावर साचा करू, शिसं ओतू. अरे, हा तं आयता साचा हाये!"

"थो सुकला पायजे ना, मामा."

"शेकू."

"माती हाये थे. घाईत शेकली तं तडकते. उद्या उजाडंल."

मामानं बाजेकडे पाहिलं आणि पळी हातातच राहिली.

रुखमाबाईचे डोळे उघडे होते. उकंडा तिच्याजवळ बसला. पत्रा सुटून गेला, आपण ओढला म्हणून गेला, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तिनं त्याच्या हातातून टाक घेतला होता. समोरच्या मरीमायकडे तिनं पाहिलंही नाही. बोटं सरळ पाठीमागे गेली, इतक्या सवयीनं की जणू रोजच जात होती. अंगठा खळग्यात बसला. थोडा वेळ तो तिथे फिरत राहिला.

"हा काय भोवरा," ती म्हणाली.

"माय, टाक पान्यात—"

"शाऱ्या," ती म्हणाली. मग उकंडाकडे पाहून जीभ चावली, जशी नेहमी चावायची. "उकंडा."

मामानं मातीचा गोळा आणला होता. उकंडानं टाक मागण्यासाठी तिच्या मुठीला हात लावला. मूठ घट्ट होती. तो बोटं उकलू शकला असता. त्यानं हात मागे घेतला. विझत्या चुलीवरचं शिसं तसंच राहिलं, कडेनं पांढुरकं होत आत गोठत गेलं.

उन्हं कलायच्या आत ती गेली.

वस्तीतल्या बाया येऊ लागल्या. तुळसाबाईनं तिला नवं पांढरं लुगडं नेसवलं आणि हात छातीवर घेतले. मूठ उलगडेना, आणि मुठीतून मरीमायचं तोंड सरळ बाहेर पाहत होतं, शेंदराचे डोळे उघडे. दाराबाहेर वामनरावही चार माणसांबरोबर येऊन उभे होते, पायताणं काढून. उकंडानं तुळसाबाईकडे पाहिलं. आता काय सांगायचं, त्याला कळत नव्हतं. ही बाई देव सोडून मेली, असं तो कोणत्या तोंडानं सांगणार होता?

"काढू काय?" तो हळूच म्हणाला.

"हात नोको लावू," तुळसाबाई म्हणाली. तिनं लुगड्याचा पदर ओढून मुठीवर घेतला, मरीमाय दिसेनाशी होईपर्यंत.

एक म्हातारी वाकून पाहत होती. "काय हाये व मुठीत?"

"तिचं पोट्टं," तुळसाबाई म्हणाली, आणि पदर आणखी खाली ओढला.